एक्सल तुटतो त्या दिवशी तुटत नाही: जुन्या गाड्यांचे मागचे शाफ्ट का मोडतात

तुटलेला एक्सल शाफ्ट हातात आला की बहुतेक जण आधी त्याची जाडी बघतात, आणि "एवढा जाड पोलादी दांडा तुटलाच कसा?" असं म्हणून बाजूला ठेवून देतात. बघायची जागा वेगळीच आहे. तुटलेलं तोंड पुसून उजेडात धरा. बऱ्याचदा त्यावर दोन निरनिराळे भाग दिसतात. एका कडेपासून आत सरकलेला भाग गुळगुळीत, मळकट, कधी तांबूस गंजाचा असतो. त्यावर ओहोटीनंतर वाळूत उमटतात तशा वळणदार रेषा असतात. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत, अगदी ताजा. हा ताजा भाग खरोखरच काल तुटलेला असतो. गुळगुळीत भाग मात्र कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधीपासून तुटत आलेला असतो.

म्हणूनच जुन्या गाड्यांचे मालक चक्रावतात. चढावर, खड्ड्यांत, भरधाव पळताना एक्सलला काही झालं नाही. आणि परवा सपाट रस्त्यावर सिग्नल सुटला, क्लच हळूच सोडला, मागून 'खट्' असा आवाज आला, इंजिन मोकळं घोंगावलं आणि गाडी जागच्या जागी. "मी तर काहीच केलं नव्हतं!" ते खरंच असतं. त्या दिवशी काहीच केलेलं नसतं.

व्हिंटेज हा शब्द काटेकोरपणे वापरणारे १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात. इथे मी तो जरा सैल अर्थाने घेतो, कारण १९५० च्या दशकातल्या गाड्यांची दुखणीही याच घराण्यातली आहेत.

मागच्या एक्सलमध्ये असतं काय?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागे येते. तिथे क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी ती ताकद काटकोनात वळवते. क्राउनला जोडलेला असतो डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही गिअरांची पेटी. तिच्या दोन्ही बाजूंनी एकेक दांडा निघतो आणि चाकापर्यंत जातो. हाच हाफ शाफ्ट. लोक "एक्सल तुटला" म्हणतात तेव्हा नव्वद टक्के वेळा त्यांना हा शाफ्टच म्हणायचा असतो. बाहेरचं नळीसारखं हाउसिंग क्वचितच तुटतं.

या शाफ्टच्या आतल्या टोकाला लांबट दाते असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. काही गाड्यांत तिथे गिअरच बसवलेला असतो. बाहेरच्या टोकाला, बऱ्याच जुन्या गाड्यांत, शाफ्ट गाजरासारखा निमुळता होत जातो. या निमुळतेपणाला टेपर म्हणतात. त्यावर चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, चढतो, मध्ये एक छोटी चौकोनी चावी बसते आणि टोकाला मोठा नट. हा निमुळता भाग लक्षात ठेवा, पुढची बरीचशी गोष्ट तिथेच घडते.

साधारण डिफरन्शिअल असलेल्या गाडीचा एकच शाफ्ट तुटला तरी गाडी पूर्ण थांबते. दुसरं चाक धडधाकट असतं, पण डिफरन्शिअल दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देतो. एका बाजूला अडवायला काही उरलंच नाही, तर तिकडे शून्य आणि म्हणून इकडेही शून्य. तुटलेला तुकडा आत गरगरत राहतो.

ओझं कोण उचलतं, त्यावर सगळं ठरतं

शाफ्टचं मुख्य काम चाकाला पीळ देऊन फिरवणं. पण गाडीचं वजन कोण पेलतं? इथे रचनेचे तीन प्रकार पडतात.

पहिल्यात शाफ्टच वजनही पेलतो. बेअरिंग हाउसिंगच्या आत असतं, शाफ्ट त्यातून बाहेर डोकावतो आणि त्या डोकावलेल्या टोकावर चाक. याला सेमी फ्लोटिंग म्हणतात. फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनलेली गाडी, याच पद्धतीची. दुसऱ्यात बेअरिंग हाउसिंगच्या बाहेरच्या अंगावर, हबच्या आत बसतं. वजन हाउसिंगवर जातं, पण चाक सरळ उभं ठेवण्याची जबाबदारी शाफ्टवरच राहते. हा थ्री-क्वार्टर फ्लोटिंग. ऑस्टिन सेव्हन हे त्याचं ओळखीचं उदाहरण. तिसऱ्यात हबला दोन बेअरिंगं असतात, चाक पूर्णपणे हाउसिंगवर उभं असतं आणि शाफ्ट फक्त फिरवतो. हा फुल फ्लोटिंग.

हा फरक जिवावरचा आहे. फुल फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटला तर गाडी थांबते, एवढंच. जुन्या सीरिज लँड रोव्हरचे १० दात्यांचे मागचे शाफ्ट तुटण्यासाठी बदनाम आहेत, पण त्यांचे मालक एखादा जादा शाफ्ट गाडीतच ठेवतात, वेळ पडली तर तुटका शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर घरी येतात, कारण या गाडीत पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद देता येते. पहिल्या दोन प्रकारांत मात्र शाफ्ट हबजवळ तुटला तर चाक कलंडू शकतं, हबसकट निसटूही शकतं.

मॉडेल टी मध्ये आणखी एक मेख आहे. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समध्ये आहे. म्हणजे ब्रेकची ताकद चाकांपर्यंत जाते ती याच शाफ्टांमधून. एक्सलमध्ये काही तुटलं की गाडी पळवणारी साखळी जाते आणि थांबवणारीही तीच असल्यामुळे ब्रेक जातो. उरतो फक्त मागच्या चाकांवरचा हातब्रेक. या गाडीत डिफरन्शिअलला बाजूने टेकू देणाऱ्या चकत्या मूळच्या बॅबिट या मऊ धातूच्या होत्या. त्या झिजून भुगा झाल्या की क्राउन पिनियनपासून दूर सरकतो आणि परिणाम तोच. म्हणून जाणकार मालक शाफ्ट तपासण्याआधी त्या चकत्या पितळी जातीच्या, म्हणजे ब्राँझच्या, बसवल्यात का ते विचारतात.

तार वाकवून तोडणं आणि एका रेल्वे अपघाताची गोष्ट

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. इकडून तिकडे दहा-वीस वेळा वाकवली की तुटते. जोर तेवढाच, फक्त पुन्हा पुन्हा. धातूच्या या थकव्याला इंजिनिअर फटीग म्हणतात.

एक्सलच्या बाबतीत वाकवायला हातांची गरज नाही. सेमी फ्लोटिंग शाफ्टचं टोक जमीन वर ढकलते आणि बेअरिंग खाली दाबून धरतं, त्यामुळे शाफ्ट केसभर वाकलेला असतो. खालची बाजू ताणलेली, वरची आवळलेली. आता शाफ्ट अर्धा फिरला की खालची बाजू वर जाते. म्हणजे पृष्ठभागाचा प्रत्येक कण दर फेरीला एकदा ताणला जातो, एकदा आवळला जातो. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर धरला तर एका किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेऱ्या. दहा हजार किलोमीटरला ४५ लाख. तारेला वीस वेळा पुरतात, इथे लाखांत मोजावं लागतं.

घोडागाडीत हा प्रश्न नव्हता. तिथे आस स्थिर असतो, फक्त चाक फिरतं. वाकलेली बाजू कायम तीच. रेल्वे आली तेव्हा चाक आणि एक्सल एकजीव होऊन फिरू लागले आणि धडधाकट दिसणारे एक्सल अचानक तुटू लागले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. दर्यावर्दी संशोधक ड्यूमाँ द्युर्व्हिल त्यांत होते.

त्यानंतर विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेले एक्सल तपासून १८४३ मध्ये सांगितलं, की तडा बाहेरच्या कडेवर, जिथे जाडी एकदम बदलते त्या तीक्ष्ण कोपऱ्यात सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो. उपाय साधा होता: कोपरा गोलसर करा. पुढे १८५० ते १८७० च्या दरम्यान जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी यंत्रांवर एक्सलचे नमुने लाखो वेळा वाकवून पाहिले. त्यांना एक फार उपयोगी गोष्ट सापडली. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळपास कितीही फेऱ्या सहन करतं. थोडा वर गेला की फेऱ्या मोजून मिळतात.

म्हणून जुन्या गाडीच्या शाफ्टबद्दल विचारायचा प्रश्न आहे: कुठे आणि कशामुळे ताण त्या मर्यादेच्या वर जातो?

शिंप्याची कात्री

कापड फाडायचं असलं की शिंपी आधी कडेला कात्रीने छोटासा छेद देतो. मग तेच मजबूत कापड सहज टरकतं, आणि बरोबर त्या छेदापासूनच. सगळा जोर त्या टोकाशी गोळा होतो. पोलादातही असंच होतं. शाफ्टवर जिथे तीक्ष्ण कोपरा, खाच, ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तिथे ताण आजूबाजूच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. बाकी शाफ्ट मर्यादेच्या आत, तेवढा एक बिंदू बाहेर. तडा सुरू व्हायला तेवढं पुरतं.

टेपरवर चावीसाठी कोरलेली खाच म्हणजे जन्मापासून असलेला छेद. स्प्लाइन जिथे संपतात ती जागा दुसरी. बेअरिंग टेकण्यासाठी केलेली पायरी तिसरी. जुने तुटके शाफ्ट गोळा करून मांडले तर बहुतेक या तीनपैकी एका ठिकाणीच तुटलेले सापडतील. यात माणसांनी भर घातलेली असते ती वेगळी: कोणी छिन्नीने खूण केली, कोणी आकडे ठोकले, कोणी हब निघेना म्हणून ग्राइंडर लावला.

जाडीचा हिशेबही इथेच सांगतो. पिळाच्या बाबतीत दांड्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. २५ मिलिमीटरचा शाफ्ट गंज साफ करण्यासाठी लेथवर २४ चा केला तर एक मिलिमीटर गेला असं वाटतं, पण ताकद ११-१२ टक्क्यांनी गेलेली असते.

खरा आरोपी: सैल नट

इतकी कारणं असली तरी टेपरवर हब असलेल्या गाड्यांत मला एकच आरोपी निवडायला सांगितला तर मी हबचा नट निवडेन.

बहुतेकांची समजूत अशी की इंजिनाचा पीळ चावी पेलते. चावी असते म्हणजे तीच चाक फिरवत असणार. प्रत्यक्षात चावी ही जागा धरून ठेवणारी खुंटी आहे. पीळ पोचवायचं काम टेपरच्या घर्षणाचं. दोन स्टीलचे पेले एकात एक अडकले की ओढूनही सुटत नाहीत, ती पकड. हब टेपरवर घट्ट दाबून बसवला तर दोन्ही जणू एकच धातू होतात.

नट थोडा सैल असला की ही पकड सुटते. मग हब टेपरवर केसाएवढा हलू लागतो, पुढे जाताना एका अंगाला, ब्रेक लावताना दुसऱ्या. आता सगळा पीळ खरंच चावीवर येतो, आणि चावी तो खाचेच्या कोपऱ्यावर टाकते. शिवाय घासून घासून दोन्ही पृष्ठभागांवर तांबूस-तपकिरी भुकटी तयार होते. हब काढल्यावर अशी भुकटी दिसली तर समजावं की आतमध्ये बरेच दिवस हालचाल चालू होती. घासलेल्या जागी बारीक चरे पडतात, प्रत्येक चरा म्हणजे नवा छेद.

गाडी घेताना आधीच्या मालकाने "नट घट्ट आहे, पिन पण लावलीय" असं सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. पिन म्हणजे नटाच्या खाचेतून शाफ्टच्या भोकात घातलेली तार; ती नट गळून पडू देत नाही. तो सैल होऊ देत नाही असं मुळीच नाही.

नीट बसवायचं कसं? हब पुलरने, म्हणजे तो ओढून काढणाऱ्या हत्याराने, काढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. आटे खराब होतात आणि धक्का थेट डिफरन्शिअलपर्यंत जातो. दोन्ही पृष्ठभाग कोरडे, स्वच्छ, तेलग्रीसाशिवाय. चावी बाजूला ठेवून टेपरवर मार्किंग ब्लू, म्हणजे निळ्या रंगाचा अगदी पातळ थर, लावा, हब दाबून काढा आणि बघा रंग कुठे उमटला. सगळीकडे सारखा उमटला तर उत्तम. फक्त टोकाला किंवा एका बाजूला उमटला तर व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावून हब टेपरवर हाताने मागेपुढे फिरवत घासायचा, पेस्ट पूर्ण धुऊन काढायची, पुन्हा तपासायचं. हे काम संयमाने आणि थोडंच. फार घासलं तर हब आत सरकतो आणि नट टेपरवर दाब देण्याऐवजी शाफ्टच्या खांद्यावर किंवा आट्यांच्या शेवटी टेकतो. बाहेरून घट्ट, आतून सैल. मॉडेल टी सारख्या गाड्यांत झिजलेल्या हबसाठी टेपरच्या आकाराची पातळ शिम, म्हणजे मध्ये घालायचा पत्रा, मिळते ती यासाठीच.

मग चावी. ती खाचेत बाजूंनी घट्ट हवी, पण तिच्या डोक्यावर फट हवी. चावी उंच असली तर हब तिच्यावरच टेकतो आणि टेपरवर बसतच नाही. नव्या चाव्या कधी कधी जराशा उंच येतात. ही फट मोजायला दोन मिनिटं लागतात आणि ती कोणी मोजत नाही.

नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे फिरवायचा मोह होतो. ते करू नका. पुढच्या खाचेपर्यंत आवळा, नाहीतर वॉशर बदला. थोडं अंतर गाडी चालवून पुन्हा तपासा. पहिल्या फेरीत हब अंमळ बसतो आणि नट सैल पडतो, हे जवळजवळ ठरलेलं आहे.

"पण मी गाडी अगदी हळू चालवतो"

वेगाचा संबंध कमी, झटक्याचा जास्त. हिशेब मांडू. समजा इंजिनाचा पीळ ६ किलोग्रॅम-मीटर, पहिल्या गिअरचं प्रमाण ४, क्राउन-पिनियनचं ५. गुणाकार १२०. दोन शाफ्टांत वाटला तर प्रत्येकी ६०. म्हणजे एक मीटर लांबीचा पाना लावून त्याच्या टोकाला ६० किलोचा माणूस लोंबकळल्यासारखं. हा झाला सावकाश दिलेला पीळ. क्लच एकदम सोडला तर फिरणाऱ्या फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाची, साठलेली ताकदही शाफ्टवर आदळते आणि क्षणभर हा आकडा दुप्पटही होऊ शकतो.

जुन्या गाड्यांतले चामडं लावलेले कोन क्लच यात कुप्रसिद्ध. चामडं कोरडं पडलं की ते हळूहळू पकडत नाही, एकदम पकडतं. चालक कितीही सज्जन असो, शाफ्टला दर वेळी हिसका बसतो. चामड्याला तेल देऊन मऊ ठेवणं हा एक्सलचाच उपचार आहे.

हिसक्याचं दुसरं कारण म्हणजे साखळीतली ढिलाई. बंद गाडी दोराने ओढताना दोर आधी ताणून घेतला तर ती सहज निघते; सैल ठेवून ओढली तर दोर तुटतो. झिजलेला युनिव्हर्सल जॉइंट (मागे येणाऱ्या लांब दांड्याचा सांधा), क्राउन-पिनियनमधली जास्त फट, झिजलेल्या स्प्लाइन हे सगळे म्हणजे सैल दोर. गाडी निघताना मागून येणारा 'टक्' आवाज बरेच जण जुन्या गाडीची खोड म्हणून सोडून देतात. तो दोर ताणला जाण्याचा आवाज आहे.

आणि सर्वात वाईट प्रसंग वेग शून्य असतानाच येतो: चिखलात एक चाक गरगर फिरतंय, चालकाने इंजिन चढवलंय आणि त्या चाकाला अचानक कोरडी जमीन सापडते.

"नवे रुंद टायर लावले, आता गाडी छान चिकटून चालते"

हा सल्ला मला नेहमी अर्धवट वाटतो. मूळच्या अरुंद टायरांची पकड कमी होती आणि ती एक प्रकारे शाफ्टची राखणदार होती. पीळ फार झाला की टायर घसरायचा. चिकट टायर घसरत नाही, मग ते सगळं शाफ्टला सोसावं लागतं.

वळणावर तर आणखी. सेमी फ्लोटिंग गाडीत चाकावर २५० किलो भार आहे आणि तो बेअरिंगपासून ५ सेंटीमीटर बाहेर पडतो असं धरा. वाकवणारा जोर झाला १,२५० किलो-सेंटीमीटर. आता वळणावर टायरला जमिनीशी फक्त १०० किलोचा आडवा जोर आला, तर तो चाकाच्या त्रिज्येइतक्या, समजा ३५ सेंटीमीटरच्या, तरफेने शाफ्टला वाकवायला बघतो: ३,५०० किलो-सेंटीमीटर. जवळपास तिप्पट. थ्री-क्वार्टर फ्लोटिंगमध्येही या आडव्या जोराचा मोठा वाटा शाफ्टवरच येतो. जितकी पकड जास्त, तितका हा आडवा जोर जास्त. शर्यतीत किंवा डोंगरी वळणांवर जोरात चालवायची असेल तर टायर बदलण्याआधी शाफ्टचा विचार करावा.

"मग सरळ जाड आणि कडक शाफ्ट करून घेतो"

अर्धं बरोबर. १९२० च्या दशकातल्या स्वस्त गाड्यांच्या पोलादापेक्षा आजचं निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद, उदाहरणार्थ ईएन २४, खूपच सरस आहे. योग्य उष्णता-प्रक्रिया केलेला असा नवा शाफ्ट बसवणं हा बहुतेक गाड्यांसाठी सर्वात शहाणा खर्च.

पण कडकपणा म्हणजे ताकद नाही. काच कडक असते. फार कडक केलेलं पोलाद छोट्या ओरखड्यालाही घाबरतं. म्हणून चांगला कारागीर कडकपणाइतकंच लक्ष आकारावर देतो: पायरीच्या कोपऱ्याला मोठी गोलाई, खाचेचा तळ गोलसर, पृष्ठभाग लांबीच्या दिशेने पॉलिश केलेला. काही शाफ्टांवर बारीक छर्ऱ्यांचा मारा करतात. त्याने वरची कातडी आवळलेल्या अवस्थेत राहते, आणि तडा उघडायला आधी तो आवळा मोडावा लागतो.

याहून मजेशीर गोष्ट म्हणजे कधी कधी शाफ्ट मधोमध बारीक केल्याने जास्त टिकतो. फुल फ्लोटिंग शाफ्ट सगळीकडे जाड असेल तर पीळ स्प्लाइनच्या तळाशी, त्या थोड्याशा लांबीत, गोळा होतो. मधला भाग स्प्लाइनच्या तळाच्या व्यासाएवढा किंवा किंचित कमी केला, तर तो पूर्ण लांबीभर स्प्रिंगसारखा थोडासा पिळला जातो आणि हिसका पचवतो. ग्राहकाला हे पटवणं कठीण, कारण त्याने पैसे दिलेले असतात जाड शाफ्टसाठी.

शेवटी एक हिशेब राहतोच. शाफ्ट अतूट केला तर पुढचा हिसका क्राउन-पिनियन किंवा डिफरन्शिअलच्या दात्यांवर जातो. वीज जास्त आली की फ्यूज जळावा असं आपण मानतो; फ्यूजच्या जागी जाड तार घातली तर घरातली वायरिंग जळते. शाफ्ट बदलता येतो. ९० वर्षांपूर्वीची क्राउन-पिनियनची जोडी शोधणं फार अवघड.

वेल्डिंगचा विषय दोन वाक्यांत. तुटलेला शाफ्ट वेल्ड करू नका. जोडाशेजारचं पोलाद उष्णतेने बदलतं, ठिसूळ होतं, आणि चाक त्यावर अवलंबून असतं.

"इतकी वर्षं टिकला, आणि गाडी तर उभीच असते"

थकवा विश्रांतीने उतरत नाही. माणूस झोपून उठतो, तडा भरून येत नाही. वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा तडा होता तेवढाच राहतो, पण त्यात ओल शिरते, गंज कडा खातो. ज्या शाफ्टला तडा नव्हता त्यावरही गंजाचे खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा नवी सुरुवात. त्यामुळे 'फक्त ८,००० किलोमीटर चाललेली' गाडी या बाबतीत सुरक्षित असतेच असं नाही.

"लोखंडाला जुनं झाल्यावर स्फटिक धरतात म्हणून तुटतं" ही समजूत तर दीडशे वर्षांहून जुनी आहे. तुटलेल्या तोंडावरचा चकचकीत, दाणेदार भाग बघून ती आली. पोलाद पहिल्या दिवसापासून स्फटिकांचंच बनलेलं असतं. तुटल्यावर ते फक्त दिसतात.

तडा दिसत नाही, मग शोधायचा कसा?

एक्सलच्या कुठल्याही कामाच्या निमित्ताने शाफ्ट बाहेर आलाच असेल, तर तपासून घ्यावा. टांगून ठोकायचा आणि घंटेसारखा वाजतो का ऐकायचं, हा जुना प्रकार मोठा तडा पकडू शकतो, छोटा सुटतो. डोळ्यांवरही भरवसा नको.

घरी करता येण्यासारखी पद्धत रंगाची. शाफ्ट पूर्ण स्वच्छ करायचा, तड्यात झिरपणारा लाल द्रव लावायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, पुसायचं आणि पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर आतला लाल द्रव पावडरीत झिरपून बारीक रेघ उमटते. चावीची खाच, स्प्लाइनचा शेवट आणि पायरी इथे भिंगाने बघा. त्याहून पक्की पद्धत चुंबकाची. शाफ्टला चुंबकत्व देऊन लोखंडाचे बारीक कण सोडतात, ते तड्याच्या कडेवर रांग धरतात. इंजिन दुरुस्तीच्या चांगल्या कार्यशाळांत ही सोय असते. तपासणीनंतर शाफ्टचं चुंबकत्व काढायला मात्र सांगा, नाहीतर तो एक्सलच्या तेलातला लोखंडी चुरा स्वतःकडे ओढत बसतो.

आणि एक फुकटची युक्ती. नवा शाफ्ट बसवताना त्याच्या लांबीभर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी काढाल तेव्हा ती रेघ नागमोडी किंवा वळसा घेतलेली दिसली, तर शाफ्टला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त पीळ बसून तो कायमचा पिळला गेला आहे. स्प्लाइनचे दाते तिरके झालेले दिसले तरी अर्थ तोच. असा शाफ्ट परत बसवू नये.

शाफ्टबरोबर हाउसिंगही तपासा. मोठ्या खड्ड्यात आपटून ते किंचित वाकलेलं असेल तर नवाकोरा शाफ्टही दर फेरीला वाकत राहतो. "तिसऱ्यांदा त्याच बाजूचा तुटला" अशी तक्रार असली की माझी पहिली शंका वाकलेल्या हाउसिंगवर, नाहीतर बेअरिंगवर जाते.

आणि तुटलाच तर

'खट्' आवाज, इंजिन मोकळं आणि गाडी स्थिर. आधी मागची चाकं बाहेरून बघा. एखादं कलंडलेलं किंवा बाहेर सरकलेलं असेल तर गाडी तिच्या चाकांवर ओढू नका, मागचा भाग उचलूनच न्या. गिअरबॉक्सवर ब्रेक असलेली गाडी उतारावर असेल तर त्या ब्रेकवर विसंबू नका, चाकांखाली दगड लावा.

आतला तुकडा काढायला एक्सल पूर्ण उघडावा लागतोच असं नाही. काही रचनांत दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून लांब सळईने तुकडा ढकलता येतो, काहींत चुंबक किंवा तारेचा फास पुरतो. पण डिफरन्शिअलच्या मध्ये आडवी पिन असेल तर सळई जात नाही आणि उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. कुठल्याही पद्धतीने काढलात तरी तेल पूर्ण ओता, ते गाळून बघा, आणि दोन्ही तुकडे जुळवून एखादी कपची गायब आहे का ते पाहा. कपची आत राहिली तर ती क्राउनच्या दात्यांत जाऊन बसते.

दुसऱ्या बाजूच्या शाफ्टने तेवढेच किलोमीटर, तेवढाच पीळ आणि तेच हिसके सोसलेले असतात. तोही त्याच दिवशी बाहेर काढा, त्याच्या चावीची खाच लाल द्रवाने तपासा, आणि पहिल्याची ऑर्डर देताना दोनची द्या.